बॅटऱ्यांची जागा

कोन नाक्यापासून शेलारपर्यंत कुणाच्या ट्रकची बॅटरी उतरली की लोक म्हणत, "हसनकडं टाका, पण घाई असेल तर टाकू नका." भिवंडीत कल्याण रोडला त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. काम चोख, माणूस सरळ, पण कमालीचा चिकित्सक. एक वायर कुठून न्यायची हे ठरवायला तो गाडीभोवती इतक्या वेळा फिरायचा, की ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात जेवून यायचा आणि पुन्हा चहाला जायचा. लग्नाला होकार द्यायलाही त्यानं इतके दिवस लावले, की खदीजाच्या अब्बांनी दुसरीकडं चौकशी सुरू केली होती. ही गोष्ट खदीजाची धाकटी बहीण आबिदा चारचौघांत सांगायची आणि हसन मान खाली घालून हसायचा. त्याला त्याची लाज वाटत नसे. विचार करून केलेलं काम वाया जात नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. माणसाच्या समजुतींना काही धरबंध नसतो.

खदीजा त्याच्या अगदी उलट. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. मूलबाळ झालं नाही. दोनदा आशा लागली आणि विझली, मग दोघांनीही तो विषय घरातून काढून टाकला. गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखी तीही घरी बसून कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या कांड्या. पंख्याखाली ते सूत गुंडाळताना त्याचं बारीक तूस घरभर उडायचं, डाळीत पडायचं, पापण्यांवर बसायचं. हसन दुकानातून आला की ती पांढऱ्या भुवया वर करून म्हणायची, "बघा, तुम्ही विचार करत बसलात आणि मी म्हातारी झाले." मग त्याचा सदरा काढून घ्यायची. ॲसिडचे थेंब पडून त्या सदऱ्याची चाळण झालेली असायची, आणि ती कुरकुरत, शिव्या देत, पण रोज ठिगळ लावून द्यायची.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत तिला खोकला लागला तो सुटलाच नाही. खोकल्याचा दमा झाला. जिना चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि तोंडानं हवा ओढायची, आणि तो आवाज हसनला शेजारच्या कारखान्याच्या खटखटीतूनही ऐकू यायचा. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतो, पण ही हवा सोडा. यांना लूमपासून लांब न्या." डॉक्टरांना सांगायला काय जातं? भिवंडीत लूमपासून लांब म्हणजे कुठं? हसननं शेलारला एक खोली घेऊन पाहिली. खिडकीतून भाताची खाचरं दिसत होती. खदीजाचा श्वास जरा मोकळा झाला, आणि वर्ष सरायच्या आत शेजारच्या गाळ्यात लूमचे साचे बसले. भिंत एकच. रात्रंदिवस भांडी थरथरायची. दोघं परत आपल्या गल्लीत आले, निदान तिथं माणसं ओळखीची होती.

तेव्हा हसनच्या डोक्यात चाकं आली. खोली घेतली की लूम मागोमाग येतात. मग खोलीलाच चाकं असली तर? साचे आले की उठायचं, पुढच्या माळावर जायचं. कुणी हसलं तरी त्या विचारात खोट नव्हती. पडघ्याच्या पुढं, हायवे सोडून आत, केसरीनाथची शेती होती. केसरीनाथ म्हणजे हसनचं जुनं गिऱ्हाईक, आगरी माणूस, दोन ट्रक बाळगून होता. तो लगेच म्हणाला, "आन ना गारी. माझी माल-जमीन पडीकच हाय. तुझ्या बायकोला हवा मिलंल न मला शेजार."

हसननं एका बेकरीची जुनी मॅटाडोर घेतली. पावाची फळ्यांची कपाटं काढली, लाकडी पलंग बसवला, खिडक्या कापल्या. पत्र्यांचं काम करणाऱ्यानं कुठल्याशा परदेशी मासिकात तसली गाडी पाहिली होती, तो तिला कॅराव्हॅन म्हणायचा. गल्लीनं तिचं नाव ठेवलं 'हसनचा बंगला'. खदीजा पहिल्यांदा आत चढली, बसली, इकडंतिकडं पाहून म्हणाली, "पाव उतरवले आणि मला भरली." पण तिचा चेहरा खुलला होता. आपल्यासाठी कुणी एवढं केलं, हे तिला लपवता येत नव्हतं.

राहता राहिला बॅटऱ्यांचा प्रश्न. खदीजाचा भाऊ रहमतुल्ला सौदीत दम्मामला होता. त्यानं औषधाची वाफ करणारं मशीन पाठवलं होतं. श्वास अडकला की नळी तोंडाला लावायची, आणि थोड्या वेळात छाती मोकळी व्हायची. पण ते चालायचं विजेवर, आणि केसरीनाथच्या माळावर वीज नव्हती. म्हणजे ट्रकच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, त्यावर इन्व्हर्टर, त्यावर पंखा, दिवा आणि मशीन. बाकी सगळं हसनच्या हातचं होतं. फक्त बॅटऱ्या कुठं बसवायच्या, एवढं ठरायचं होतं.

दुसऱ्या कुणी दुपारच्या जेवणाआधी ठरवलं असतं. हसननं पावसाळा काढला.

ट्रकला असतात तशा खाली, चॅसीच्या कडेला? पडघ्याच्या रस्त्याचे खड्डे त्यानं मनात मोजून पाहिले. त्यात पावसाचं पाणी. आणि चोर. भिवंडीत बॅटरी बाहेर ठेवणं म्हणजे चोराला आवतण. ट्रक पडघ्याला चहाला थांबायचा, ड्रायव्हर कप तोंडाला लावायचा आणि खालून बॅटरी गेलेली असायची. हसनच्या धंद्यातलं अर्धं गिऱ्हाईक असंच यायचं. इकडचे ट्रकवाले शेवटी बॅटरी उचलून आत, सीटखाली, कुलपात ठेवू लागले होते. मागच्या बाजूला पिंजरा करून? वायर लांबते, जोर कमी पडतो, आणि पिंजरा कापायला किती वेळ लागतो? टपावर? ऊन.

त्यानं सगळ्यांना विचारलं. पत्रेवाला म्हणाला मागं. मशिदीतले एक जुने मास्तर म्हणाले ड्रायव्हरशेजारी. केसरीनाथनं बिडी विझवली आणि म्हणाला, "बाहेर नको लावू, हसन. रात्री मशीन लावायला उठशील न बॅटरी नसंल. मंग काय करशील? माझ्या बैलांना वायर जोडशील?"

हे बोलणं हसनच्या काळजात घुसलं. रात्री खदीजाचा श्वास अडकलाय, आपण बटण दाबतोय आणि काहीच होत नाही, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. ते हलेना म्हणून त्यानं ठरवलं. बॅटऱ्या आत. पलंगाखाली, लाकडी पेटीत, कुलपात. वजन चाकांच्या मधोमध, वायर आखूड, आणि वर खदीजा झोपलेली. कुठल्या चोराची माय व्याली?

"म्हणजे राखण मी करायची," खदीजा म्हणाली.

"चोर आला तर तू नुसतं बोल. तो पळंल."

ती हसली, मग खोकली, मग परत हसली.

बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी गॅस निघतो हे हसनला माहीत नव्हतं, असं कुणी समजू नये. याच धंद्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. गॅसला ठिणगी लागली तर भडका उडतो, म्हणून दुकानात तो बिडीवाल्याला उभं करत नसे. गाडीतही त्यानं पेटीला एक नळी लावून ती पत्र्यातून बाहेर काढली होती. त्याच्या लेखी बॅटरीचा धोका म्हणजे आग, आणि आगीचा बंदोबस्त त्यानं केला होता.

दिवाळीच्या सुमारास ते दोघं माळावर राहायला लागले. दिवसा हसन गाडी घेऊन दुकानी यायचा, बॅटऱ्या पेटीतल्या पेटीतच चार्जिंगला लावायचा, खदीजा आबिदाकडं पडून राहायची. संध्याकाळी तिला घेऊन परत पडघा. पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. ती दाराच्या पायरीवर बसून चहा प्यायची, केसरीनाथच्या बायकोशी, रंगूबाईशी, मोठमोठ्यानं बोलायची. एकदा तिनं चुलीवर तांदळाच्या भाकरी केल्या. हसनला वाटलं, आपण जिंकलो.

मग पुन्हा बिघडलं. सकाळी उठली की तिचे डोळे लाल. घशाला कोरड. मशीन आधी एकदा लागायचं, ते दोनदा लागायला लागलं. संध्याकाळी पायरीवर बसलेली असली की बरी असायची, आत जाऊन आडवी झाली की छाती घरघरायची. हसननं कारण शोधायला सुरुवात केली, आणि त्याचं शोधणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तो गाडीभोवती फिरला. खाली वाकला. त्या भागात नवी गोदामं उठत होती, त्यांचे ट्रक शेताच्या कच्च्या वाटेनं धूळ उडवत जायचे. पत्र्यातून बाहेर आलेल्या नळीच्या तोंडावर त्याला धुळीचा थर दिसला.

सापडलं! धूळ. ज्या शत्रूपासून पळून आलो तोच नळीतून आत शिरतोय. हसननं नळीत चिंधी कोंबली आणि वरून पट्टी मारली. खिडक्यांना रबर लावलं. दुकानाच्या दारात गाडी चार्जिंगला उभी असताना रस्त्याची धूळ नको म्हणून काचाही बंद ठेवायला लागला. आता एक कण आत जाणार नाही, असं त्यानं खदीजाला सांगितलं. तिनं मान डोलावली. बोलायला तेव्हा तिला त्रास व्हायचा.

हिवाळा सरता सरता ती वाळून काटकी झाली. डॉक्टरांनी औषधं बदलली. हसन नमाजानंतर बसून राहायचा आणि काय मागायचं ते त्याला सुचायचं नाही.

एका संध्याकाळी दुकानापाशी आबिदा बहिणीला पोचवायला आली. खदीजाला हात देऊन चढवायचं म्हणून ती आधी स्वतः गाडीत चढली, आणि लगेच ओढणी नाकाला लावून खाली उतरली.

"अल्ला! हा कसला वास?"

"कसला वास?" हसननं विचारलं.

"कसला म्हणून काय विचारता, भाईजान? डोळे चुरचुरतात माझे. गळा धरला. तुम्हाला येत नाय?"

हसन आत गेला. वाकून गादीला नाक लावलं, उशीला लावलं, पेटीला लावलं. दीर्घ श्वास घेतला. त्याला काहीच आलं नाही. मग तो दुकानात गेला, जिथं बॅटऱ्यांची टोपणं उघडी होती आणि आतलं पाणी बुडबुडत होतं, तिथं वाकून श्वास घेतला. तिथंही काही नाही. शेजारच्या हॉटेलात कांदा तळत होते, तोही नाही. केव्हापासून नाही, हे त्याला आठवेना. जेवण तर तो रोज जेवत होता. चव लागते का, असं कुणी स्वतःला विचारत नाही. वर्षानुवर्षं ॲसिडची वाफ हुंगून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं, आणि मेलेल्या नाकाच्या भरवशावर त्यानं बायकोला बंद पेटीवर झोपवलं होतं.

तो परत आला तेव्हा खदीजा दुकानाच्या बाकावर बसली होती.

"तुला यायचा वास?"

"यायचा."

"मग बोलली का नाय?" त्याचा आवाज चढला. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा. "एवढी बोलतेस, जगाला बोलतेस, हे का नाय बोललीस?"

ती श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमचाच वास. लग्न झाल्यापासून तोच घेऊन झोपले ना मी. सदऱ्याला तोच, हाताला तोच. जरा जास्त येत होता. वाटलं, गाडी लहान हाय, तुम्ही जवळ झोपता."

आबिदा रडायला लागली. हसनला रडू आलं नाही. त्यानं गाडीचे चारी दरवाजे उघडले, गादी ओढून रस्त्यावर टाकली आणि पेटीचं कुलूप काढलं.

बॅटऱ्या मागच्या बाजूला, बाहेर लोखंडी पिंजऱ्यात बसवायला दुसऱ्या दिवशीची फक्त दुपार लागली. वायर थोडी लांबली, पण जोर काही कमी पडला नाही. पत्रेवाला पहिल्यापासून तेच सांगत होता. पण आता तो काही बोलला नाही, आणि हसनला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

गाडीचा आता उपयोग नव्हता. खदीजाला पायरी चढवेना. तिला गल्लीतल्या घरीच, खालच्या खोलीत पलंग टाकून ठेवलं. पलीकडं लूम. आबिदा राहायला आली. हसन डॉक्टरांकडं एकटा गेला आणि सगळं सांगून त्यांना विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "छाती आधीच खराब होती."

"तरी पण. गाडीत झोपली नसती तर?"

"हे असं सांगता येत नाही, हसनभाई. थोडा फरक पडला असता, नसताही."

हसनला 'हो' चाललं असतं, 'नाही'सुद्धा चाललं असतं. हे दोन्हींच्या मधलं घेऊन तो रस्त्यानं चालत घरी आला, आणि ते पुढं आयुष्यभर त्याच्याकडं राहिलं.

त्या दिवसापासून त्यानं एक सुरू केलं. दुकानातून आला की मोरीत जायचा, साबण लावायचा, पुन्हा लावायचा, कोपरापर्यंत हात दगडानं घासायचा. कातडी सोलली. धुतलेला सदरा घालायचा. मग आबिदाला विचारायचा, "येतो का अजून?" आबिदा म्हणायची, "नाय येत, भाईजान." पण ती मन राखायला म्हणते की खरंच, हे कळायला त्याच्यापाशी साधन नव्हतं. म्हणून तो पलंगाजवळ जायचा नाही. दारात स्टूल टाकून बसायचा, वारा आतून बाहेर जाईल अशा बाजूला.

काही दिवसांनी त्यानं दुकानालाच कुलूप लावलं. तरी अंगातून जाईना असं त्याला वाटायचं. इतक्या वर्षांचं मुरलेलं, साबणानं कसं जाणार?

खदीजाला आधी ते कळलं नाही. मग कळलं. बोलणं जवळजवळ थांबलं होतं, शब्दापेक्षा श्वास महत्त्वाचा झाला होता. ती दाराकडं बघून गादीवर हात थोपटायची. आपल्या बाजूची जागा. इथं या.

"नको," हसन म्हणायचा. "मी इथं बरा हाय."

ती पुन्हा थोपटायची.

"भाईजान, ती बोलावते," आबिदा म्हणायची.

"त्रास होईल तिला."

"बोलावते ती. बसा जरा."

"श्वास अडकला म्हणजे? मी परत तेच करू?" असं म्हणून तो उठायचा आणि स्टूल आणखी थोडं मागं, ओट्यावर सरकवायचा. तिथून त्याला तिचा हात दिसायचा, चेहरा नाही. त्याचा जीव तिच्याकडं ओढ घ्यायचा, आणि जितकी ओढ जास्त तितका तो घट्ट बसायचा. एकदा खदीजानं सगळा जोर एकवटून म्हटलं, "येऊ दे वास." तेवढंच. हसनच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो हलला नाही. या खेपेला आपल्याकडून चूक होऊ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की तो बदलत नसे.

रमजान जवळ आला होता. एका सकाळी, कारखान्यात शिफ्ट बदलायच्या वेळी, साचे क्षणभर थांबले. त्या शांततेत हसननं कान दिला. रोजची घरघर ऐकू येत नव्हती. आधी त्याला वाटलं, आज तिला जरा बरं वाटतंय. ती झोपली असेल. गादीवरचा हात त्याच्या बाजूच्या जागेवर उपडा पडला होता.

आबिदानं हंबरडा फोडला. नवे कामगार आत शिरले, साचे परत सुरू झाले. शेजारच्या बायका धावत आल्या, हसनच्या दोन्ही बाजूंनी आत गेल्या आणि कुणीतरी त्याला म्हणालं, "आत जा, हसनभाई."

तो उठला. सवयीनं मोरीकडं वळला, साबण हातात घेतला, आणि तो तसाच ठेवून पलंगाकडं आला. खदीजाच्या शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला, गालाला लावला. आता जवळ जायला काही हरकत नव्हती.